हवाई छायाचित्रांवरून काढलेला जुना वन-नकाशा: किती विश्वास ठेवावा?

प्रश्न (इंदूर): चोरलच्या जंगलावर काम करतेय. घरात १:५०,००० चा जुना वन-नकाशा सापडला. त्यात सागाचे पट्टे, छत्राची (झाडांच्या शेंड्यांच्या पसाऱ्याची) घनता, सगळं आहे. आजच्या उपग्रह-चित्राशी ताडून पाहू का?

उत्तर: जरूर पाहा, ताई. मी डेहराडूनला स्टिरिओस्कोपवर (दोन फोटो एकत्र बघून उंची-खोली दाखवणाऱ्या भिंगांच्या उपकरणावर) बसून असेच नकाशे काढले आहेत. १९६५ ला सुरू झालेलं वनसंपत्तीचं सर्वेक्षण १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण झालं. लागोपाठचे दोन फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतात, म्हणून झाडं उठून दिसतात. मग छत्राचा आकार, उंची आणि सावली बघून पट्टे आखायचे. पण उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, दाट जंगलही विरळ भासतं. तेव्हा नकाशा कधी छापला यापेक्षा विमान कोणत्या महिन्यात उडालं ते आधी शोधा. फार मोलाचा कागद आहे, घडी घालू नका, सपाट ठेवून स्कॅन करा.

दुसरं उत्तर: घाटात फोटोतली उंच ठिकाणं फोटोच्या मध्यापासून बाहेर सरकलेली असतात. जुळवताना ओढ्यांचे संगम धरा. रस्ते बदलतात.

प्रश्नकर्ती: काका, कोपऱ्यात फोटोंचं फक्त वर्ष आहे. महिना कुठे मिळेल?

उत्तर: मूळ फोटोच्या कडेला तारीख असते. भारतीय सर्वेक्षण विभागाकडे अर्ज करा. परवानगीला वेळ लागतो, आजच करा.