मदत हवी आहे: ‘कॅप्टन ब्लड’वरील चर्चेसाठी संदर्भ

नमस्कार. नागपुरात धरमपेठ परिसरातील आमच्या वाचक मंडळाने पुढील चर्चेसाठी राफाएल सबातिनी यांची ‘कॅप्टन ब्लड’ (१९२२) ही कादंबरी निवडली असून प्रास्ताविकाची जबाबदारी माझ्यावर आहे. गाव बंडासाठी निघालेले असताना खिडकीतील जिरेनियमच्या कुंड्यांची निगा राखत शांतपणे पाइप ओढणारा डॉक्टर पीटर ब्लड, केवळ एका जखमी बंडखोरावर उपचार केल्यामुळे राजद्रोही ठरतो आणि बार्बाडोसला गुलाम म्हणून विकला जातो. हा भाग मला संपूर्ण कादंबरीत सर्वांत सकस वाटतो. १६८५ मधील इंग्लंडच्या राजाविरुद्धचे ड्यूक ऑफ मॉन्मथचे बंड आणि न्यायाधीश जेफ्रीज यांनी चालवलेले खटले हा खरा इतिहास आहे, त्यामुळे त्याविषयी मराठीत काही वाचनीय असल्यास कृपया सुचवावे.

माझी खरी अडचण कादंबरीची नायिका अ‍ॅराबेला हिच्याविषयी आहे. पुढे समुद्री चाचा बनलेला ब्लड आपल्या जहाजाला तिचे नाव देतो आणि तिने ‘चोर आणि चाचा’ म्हटल्यावर आतून कोसळतो, परंतु ती प्रत्यक्षात फार थोड्या प्रसंगांत भेटते. एवढ्या अल्प सहवासावर उभे राहिलेले हे प्रेम आपणांस पटले का, आणि कोणत्या प्रसंगामुळे?

शिवाय, ज्यांना इंग्रजांनी चाचे ठरवले त्या सरखेल कान्होजी आंग्रे यांचा उल्लेख आमच्याकडे निघणारच. ते मराठा सत्तेचे आरमारप्रमुख होते, ब्लड मात्र बराच काळ कोणत्याही राजाचा नव्हता. हा भेद नेमकेपणाने मांडणारे पुस्तक किंवा लेख कोणाला माहीत असल्यास अवश्य कळवावे.