काउंटीतल्या शेतीचं सरकारी अनुदान शेवटी कुणाच्या हातात राहतं?

मक्याच्याकडेला:
आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात, मका-सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो. काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, कुणाला किती शेती अनुदान मिळालं हे सार्वजनिक असतं, ते परवा पाहिलं. आमच्या शेजारचा तरुण शेतकरी जवळजवळ सगळी जमीन खंडाने कसतो. त्याच्या नावावर रक्कम आहे, पण तो म्हणतो, "चेक माझ्या नावाचा, पैसा जमीनमालकाचा." शिवाय शेतात सोयाबीन उभं आणि पैसे मक्याचे! हे कसं? तो शेती सोडायचं बोलतोय, म्हणून मनापासून विचारतेय.

खतावणी:
ताई, इलिनॉयमध्ये शेतकऱ्यांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमचा शेजारी खरं बोलतोय.

2014 च्या अमेरिकी शेती कायद्याने जुनं सरसकट अनुदान बंद केलं आणि पीएलसी (भाव पडला तर भरपाई) व एआरसी (उत्पन्न घटलं तर भरपाई) अशा दोन योजना आणल्या. पीएलसीत पिकाची संदर्भ किंमत ठरलेली असते. बाजारभाव त्याखाली गेला की फरक मिळतो. पण सरकार हमीभावाने माल विकत घेत नाही, आणि यंदा काय पेरलंय हेही बघत नाही. बघतं ते 'बेस एकर'. म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी कोणतं पीक किती होतं, त्याची नोंद. ही नोंद जमिनीला चिकटलेली असते, माणसाला नाही. म्हणून सोयाबीनच्या शेतावर मक्याचे पैसे.

उदाहरण घ्या. 2016 च्या मक्याची संदर्भ किंमत बुशेलला (हे धान्याचं माप) 3.70 डॉलर होती, देशाचा सरासरी भाव निघाला 3.36. फरक बुशेलला 34 सेंट. 100 बेस एकर असतील तर 85 च धरतात. नोंदलेलं उत्पादन एकरी 150 बुशेल असेल तर 85 गुणिले 150 गुणिले 0.34, म्हणजे 4,335 डॉलर. तेही 2017 च्या ऑक्टोबरनंतर. बियाणं-खताची उधारी त्याआधीच डोक्यावर बसलेली असते.

आता खंडाचं. रोख खंड असेल तर नियमाने चेक कसणाऱ्यालाच जातो, कारण पिकाची जोखीम त्याची. वाट्याने असेल तर मालकालाही हिस्सा. पण या जमिनीवर पैसे येतात हे मालकाला माहीत असतं, पलीकडच्या मोठ्या शेतकऱ्यालाही. मग पुढच्या कराराच्या वेळी तो मोठा शेतकरी जास्त खंड बोलतो आणि तुमच्या शेजाऱ्याला तेवढा द्यावा लागतो. हे माझ्या टेबलावर पुन्हा पुन्हा आलंय, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. चोरी कुणीच करत नाही, तरी कसणाऱ्याच्या हातात उरत नाही.

उत्तरवारा:
यादीत वरची नावं एवढी मोठी का, तेही सांगाल का? माणशी मर्यादा आहे ना?

खतावणी:
आहे. बरीच वर्षं 1,25,000 डॉलर होती, 2025 च्या कायद्याने 1,55,000 केली. पण भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी. 2018 च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडं, भाचे-पुतणेही आले. म्हणून एकाच शेतीवर अनेक मर्यादा बसतात. त्यात 2018 आणि 2019 ला चीनशी झालेल्या व्यापारयुद्धाची भरपाई. 2018 ला सोयाबीनला बुशेलमागे 1.65 डॉलर होते. ते मात्र प्रत्यक्ष पिकवलेल्या मालावर, बेसवर नाही. त्यामुळे ज्याच्याकडे माल जास्त, त्याचा आकडाही मोठा.

मक्याच्याकडेला:
मग त्याने करायचं काय?

खतावणी:
एआरसी की पीएलसी, ही निवड कसणाऱ्याची असते. ती मालकावर सोडू नये. एआरसीत बहुधा काउंटीचं एकरी सरासरी उत्पन्न, म्हणजे पीक गुणिले भाव, बघतात, त्यामुळे भाव टिकून काउंटीभर पीक बुडालं तरी तीच कामाला येते. 2025 च्या कायद्याने नवे बेस एकर देऊ केलेत. त्याच्या शेतांना ते लागू होतात का, हे काउंटीच्या शेती कार्यालयात विचारावं. बेस वाढला तर तो मालकाच्या जमिनीला लागेल, म्हणून आधी मालकाशी चार-पाच वर्षांचा लेखी करार करून खंड बांधून घ्यावा. एका वर्षाच्या तोंडी बोलीवर राहू नये. करार दाखवायचा असेल तर नावं झाकून इथे टाका, मी वाचतो.