‘ऑफ’ म्हणजे नुसतं बंद नव्हे

इंग्रजीतल्या ‘ऑफ’ (off) चा अर्थ बंद, तर ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे वाजला कसा, हा प्रश्न रास्त आहे. मूळ अर्थ ‘सुटणं, दूर होणं’. बंदुकीचा बार सुटतो तसा अलार्म सुटतो. ‘लाइट्स वेंट ऑफ’मध्ये मात्र वीज तुटते. दूध ‘ऑफ’ म्हणजे नासलेलं. ‘ऑफ वास्को’ म्हणजे गोव्यातल्या वास्कोजवळच्या समुद्रात, ग्रँड आयलंड हे बेट आहे तसं.

खरी चूक उतरताना होते. कदंब बस, फेरीबोट, पायलटची (भाड्याने नेणाऱ्या दुचाकीवाल्याची) मोटरसायकल, या सगळ्यांतून ‘गेट ऑफ’. कार आणि रिक्षातून ‘गेट आउट ऑव्ह’. जिच्यात उभं राहता येतं किंवा जिच्यावर टांग टाकून बसतात, तिला ‘ऑफ’.

आणि ‘ऑफ’, ‘ऑव्ह’ (of) हे मुळात एकच शब्द. म्हणून उच्चार सांभाळा: शेवटी फ आणि व्ह.