दक्षिण बोहेमिया: दंतकथा आणि इतिहास यांचा माग घेत कसे फिरावे?

पांथस्थ:
सप्रेम नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता प्रागला जात असून तेथून पुढचे चार-पाच दिवस दक्षिण बोहेमियासाठी, म्हणजे चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागासाठी, राखून ठेवले आहेत. चेस्की क्रुम्लॉव्हची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, परंतु केवळ एक देखणे गाव पाहून परतण्यापेक्षा त्या प्रदेशाचा इतिहास आणि तेथे अजूनही सांगितल्या जाणाऱ्या दंतकथा समजून घेत फिरावे, अशी इच्छा आहे. मुक्काम कोठे करावा आणि स्वतः गाडी न चालवता हे जमेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.

दुर्गवेडा:
या प्रदेशात पाच पाकळ्यांचे गुलाब शोधत फिरावे, असे मी सुचवेन. दंतकथा अशी, की वित्येक नावाच्या सरदाराने आपली जमीन पाच मुलांत वाटली आणि प्रत्येकाला निराळ्या रंगाचा गुलाब कुलचिन्ह म्हणून दिला. यिंद्रिखूव ह्राडेत्स या गावच्या शाखेला निळ्या ढालीवरचा सोनेरी गुलाब मिळाला, रोझंबेर्क शाखेला पांढऱ्या ढालीवरचा तांबडा, तर अनौरस मुलाच्या वाट्याला काळा आला. वाटणीची कथा रंगवून सांगितलेली असली, तरी या सर्व शाखांचे मूळ एकच होते आणि त्यांपैकी रोझंबेर्क घराण्याने या प्रदेशावर तीन शतके वर्चस्व गाजवले, हे खरे आहे. क्रुम्लॉव्हचा किल्ला ही त्यांची राजधानी. या गावाचा 1992 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

क्रुम्लॉव्हच्या खंदकात अस्वले पाळलेली दिसतील, त्यांच्यामागेही एक लबाडी आहे. पंधराव्या शतकातील ओल्दर्झिख या रोझंबेर्क प्रमुखाने आपले घराणे रोमच्या ओर्सिनी कुळातून आल्याचा दावा रूढ केला आणि अस्वल हे ओर्सिनींचे चिन्ह! हक्क सिद्ध करण्यासाठी बनावट सनदा करवून घेण्यातही हा गृहस्थ वाकबगार होता.

या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध दंतकथेतली ‘पांढरी बाई’ म्हणजे याच ओल्दर्झिखची मुलगी पेर्ख्ता. तिचा विवाह 1449 मध्ये लिख्टेनश्टाइन घराण्यातील यानशी झाला आणि तो अत्यंत दुःखाचा ठरला. माहेरी वडिलांना व भावांना तिने लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध असून सासरी होणारी आबाळ त्यांत तिने स्वतःच्या शब्दांत मांडली आहे. दंतकथा सांगते, की मरणासन्न पतीने क्षमा मागितली, तिने ती नाकारली आणि त्याच्या शापामुळे ती रोझंबेर्कांच्या किल्ल्यांतून फिरू लागली. तिचे हातमोजे पांढरे दिसले तर शुभवार्ता, काळे दिसले तर अशुभ. शापाची कथा नंतरच्या लोकांनी रचली असेल, परंतु मला ती पत्रे भुतापेक्षा अधिक अस्वस्थ करतात.

म्युनिककर:
वरील प्रतिसाद उत्तम आहे, मात्र मुक्काम क्रुम्लॉव्हला न करता याच प्रदेशातील त्रेबोन्य या गावी करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. क्रुम्लॉव्हला दिवसा इतकी गर्दी असते, की इतिहासाचा विचार करायला उसंत मिळत नाही. शेवटचा रोझंबेर्क, पेत्र वोक, यानेही कर्जापायी 1602 मध्ये क्रुम्लॉव्ह सम्राट रुडॉल्फ दुसरा याला विकले व तो त्रेबोन्यला येऊन राहिला. 1611 मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर घराणे संपले.

त्रेबोन्यच्या भोवती माणसांनी खोदलेली तळी आहेत. मूळ दलदलीच्या या भूमीत सोळाव्या शतकाच्या आरंभी श्तेपानेक नेतोलित्स्की याने झ्लाता स्तोका हा सुमारे 48 किलोमीटर लांबीचा कालवा काढून तळ्यांना पाणी पुरवले, आणि पुढे याकुब क्र्चीन याने 1584 ते 1590 या काळात रोझंबेर्क हे सर्वांत मोठे तळे बांधले. क्र्चीन कामगारांना इतका राबवून घेई, की त्याने आत्मा सैतानाला विकला होता आणि मेल्यावरही त्याला शांती मिळाली नाही, असे लोक म्हणू लागले. वेठीने राबलेल्यांचा राग अशा गोष्टींतून टिकून राहतो, असे मला वाटते. 2002 च्या महापुरात याच तळ्याने प्रचंड पाणी अडवून धरले आणि त्याचा जुना बांध टिकला. आपण ऑक्टोबरमध्ये जात आहात, म्हणजे तळ्यातील पाणी सोडून कार्प मासे पकडण्याचा हंगाम असेल. मासे खात नसलात, तरी तो सोहळा पाहण्याजोगा असतो. रोझंबेर्क तळ्याच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात.

सह्यपुत्र:
दोन्ही प्रतिसादांत सरदारांचीच बाजू आली आहे, म्हणून ताबोर सुचवतो. यान हुस या धर्मसुधारकाला 1415 मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळल्यानंतर त्याच्या अनुयायांपैकी जहाल गटाने 1420 मध्ये हे नगर वसवले. येथे येणाऱ्याने आपली मालमत्ता चौकातील मोठ्या पिंपांत टाकायची आणि ती सर्वांची समजायची, असा आरंभीचा नियम होता. तो फार काळ टिकला नाही, हे सांगायला हवे. त्यांचा एकाक्ष सेनापती यान झिझ्का याने त्याच वर्षी सुदोम्येर्झ येथे तळ्यांच्या बांधांचा आडोसा घेऊन संख्येने कितीतरी मोठ्या घोडदळाला रोखले. त्याच उन्हाळ्यात पेर्ख्ताच्या वडिलांनी ताबोरला वेढा घातला आणि त्यांना हार खावी लागली. त्यामुळे ताबोर पाहिल्यानंतर क्रुम्लॉव्ह पाहिले, तर दोन्ही अधिक समजतात. चौकाखालची जुनी तळघरे आणि हुसपंथी संग्रहालय अवश्य पाहावे. गल्ल्या शत्रूला चकवण्यासाठी मुद्दाम वाकड्या ठेवल्या, असे तेथे सांगतात. ते ऐकावे आणि सोडून द्यावे.

पांथस्थ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताबोरला एक आणि पुढे त्रेबोन्यला उरलेले मुक्काम, असे ठरवतो आहोत. क्रुम्लॉव्ह आणि यिंद्रिखूव ह्राडेत्स त्रेबोन्यहून एकेका दिवसात होतील का? आणि जेवणाचे काय?

म्युनिककर:
दोन्ही होतील. प्रागहून ताबोरमार्गे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वेसेली हे जंक्शन लागते, तेथून त्रेबोन्य आणि यिंद्रिखूव ह्राडेत्स या दोन्ही ठिकाणी गाड्या मिळतात. क्रुम्लॉव्हसाठी चेस्के बुद्येयोव्हित्सेला गाडी बदलावी. वेळ मिळाल्यास तेथील विस्तीर्ण चौकोनी चौकात ‘चकव्याचा दगड’ शोधावा, रात्री उशिरा तो ओलांडणाऱ्याला घरची वाट सापडत नाही म्हणतात. सोमवारी बहुतेक किल्ले बंद असतात, म्हणून क्रुम्लॉव्ह त्या दिवशी ठेवू नये. तेथील अठराव्या शतकातले नाट्यगृह पाहायचे असेल, तर प्रवेश आधीच राखून ठेवावा.

जेवणासाठी तळलेले चीज, बटाट्याचे पॅनकेक आणि फळे भरलेले गोड उंडे सहज मिळतात. सूप मागवताना मात्र ते मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे. कुलाइदा या स्थानिक मशरूमच्या सूपमध्ये अंडेही असते.