टुटू इतका तोकडा का असतो? आणि आमचा खाली का पडतो?

ऋता_धरमपेठ
नमस्कार. मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून बॅले शिकून राहिली आहे. डिसेंबरात गॅदरिंग आहे आणि बाईंनी टुटू, म्हणजे बॅलेचा नेटचा स्कर्ट, आणायला सांगितलाय, तोच तो थाळीसारखा आडवा, गोल. मी ऑनलाइन मागवला. फोटोत मस्त पसरलेला होता, घरी आला तो मिटलेल्या छत्रीसारखा. दोन गिरक्या घेतल्या की सगळा नेट मांड्यांवर येऊन पडतो. पोरगी रडकुंडीला आली.

दुसरं म्हणजे, सासूबाई तिची प्रॅक्टिस रोज बघतात. परवा त्यांनी विचारलं, "एवढा तोकडा का करतात गं? आपल्या कथ्थकला किती सुंदर घेर असतो." रागाने नाही, मनापासून विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. कोणाला माहीत आहे का? आणि हा घरी शिवता येतो का?

प्रतापनगरकर
सुती साडीला करतो तशी कडक कांजी करा आणि उन्हात वाळवा. उभा राहील.

सुईदोरा_महाल
ऋताताई, कांजी नका करू. नायलॉनच्या नेटमध्ये ती मुरत नाही, वर पोपडी धरते आणि नाचताना काळ्या ड्रेसवर भुगा पडतो.

मी नागपुरात महाल भागात बावीस वर्षांपासून शिवणकाम करते. पहिला टुटू आला तेव्हा मलाही वाटलं, घागऱ्याला आतून कडक नेटचा कॅनकॅन लावतो तसंच असेल. तो तुमच्यासारखाच पडला. मग डान्सच्या एका बाईंनी त्यांचा जुना, विटलेला टुटू आणून दिला आणि म्हणाल्या, उसवून पाहा. दोन दुपारी मी एकेक टाका काढत बसले. तेव्हा कळलं की टुटू कमरेला लटकवतच नाहीत, तो चड्डीवर शिवतात. सगळ्यात खालचा थर जेमतेम दीड इंचाचा, पायाच्या कडेजवळ. त्याच्यावरचा जरा मोठा, त्याच्यावरचा आणखी मोठा. तुमच्या मुलीच्या मापाला सगळ्यात वरचा नऊ इंच पुरे. खालचा आखूड थर वरच्या लांब थराला टेकू देतो. तुमच्या विकतच्या स्कर्टात सगळे थर एकाच लांबीचे असतील आणि इलॅस्टिकला अडकवलेले असतील, बघा.

तिला आठ थर करा. एकेका थराला पाच मीटर पट्टी चुणायची, म्हणजे एकूण चाळीस मीटर चुण्या. नेट चारेक मीटर लागेल. शेवटी थर हाताने एकमेकांना धरायचे, पण टाका ओढायचा नाही. प्रत्येक टाक्यात बोटभर दोरा मोकळा सोडायचा. मी पहिल्यांदा घट्ट ओढले होते, तर सगळा टुटू फुलकोबीसारखा गोळा झाला. दोरा मोकळा असला की गिरकीत थर हलतात, पण सुटे होत नाहीत. मोठ्या नर्तकींच्या टुटूत एका थरात पोलादी तारेची रिंगही असते. लहान मुलींना मी ती घालत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांना सांगा की कथ्थकमध्ये पायाचं काम घुंगरू ऐकवतात. घेर घोट्यापर्यंत आला तरी काही हरवत नाही. बॅलेच्या पायात घुंगरू नाहीत, तिथे जे केलं ते दिसलंच पाहिजे. म्हणून पाय जसजसे अवघड काम करायला लागले तसतसा घेर वर गेला. पॅरिसमध्ये १७३०च्या सुमारास मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने उड्या मारताना पावलांची चपळाई दिसावी म्हणून स्कर्ट घोट्याच्या वर घेतला, असं सांगतात. पुढे १८३२ मध्ये मारी टाग्लिओनी 'ला सिल्फिड' या बॅलेत चवड्याच्या टोकावर नाचली. तिचा पांढरा घेर घंटेसारखा, पोटरीपर्यंतचा होता. वाऱ्यासारखा हलका, कारण तोपर्यंत यंत्रावरची जाळी निघाली होती. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०९च्या आसपास तसं यंत्र केलं होतं. मग १८८०च्या दशकात इटलीच्या नर्तकी रशियात गेल्या. त्यांच्या गिरक्यांत गुडघा, मांडी सगळंच काम करायचं, तेव्हा घेर गुडघ्याच्याही वर गेला. आडवी थाळी त्याच्याही नंतरची.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. टाग्लिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्री. तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असायचे. आग लागू नये म्हणून कापड क्षाराच्या पाण्यात बुडवून द्यायचे, पण त्याने घेर कडक आणि मळकट दिसायचा, म्हणून तिने ते नाकारलं. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत तिचा स्कर्ट पेटला आणि आठ महिने यातना भोगून ती गेली. आपल्या गॅदरिंगला रंगमंचावर समई असते. नायलॉनचा नेट पेटला की वितळून अंगाला चिकटतो. दीपप्रज्वलन होऊन समई बाजूला गेली की मगच पोरींना आत सोडा म्हणून बाईंना सांगा. मी दर वर्षी सांगते.

गांधीसागर_७७
सुईदोराताई, तुमचं उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं. एक जोडतो. 'स्वान लेक' हे बॅले पहिल्यांदा मॉस्कोत झालं ते साल १८७७, आणि आपली एम्प्रेस कापडमिल सुरू झाली तीही त्याच साली, १ जानेवारीला. माझे आजोबा तिथे कताई खात्यात होते. आज जी 'स्वान लेक' बघतो ती मात्र १८९५ची, सेंट पीटर्सबर्गची. त्यात पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. घोट्यापर्यंतचा घेर असता तर त्या लोकांनी मोजल्या तरी कशा असत्या?

ऋता_धरमपेठ
ताई, उसवून बघितलं. सगळे थर खरंच एकाच लांबीचे निघाले! घुंगरांचं सासूबाईंना सांगितलं, तर काल पहिल्यांदा त्यांनी तिच्या पायांकडे बघून विचारलं, "हे पाऊल असं बाहेर का वळवतात?" नेट कुठला घेऊ? आणि रेशीमबागच्या हॉलपर्यंत ॲक्टिव्हावर तो न्यायचा कसा?

सुईदोरा_महाल
गांधीबागेच्या बाजारात जा, कॅनकॅनचा कडक नेट मागा. दुकानात उभ्या उभ्या एक टोक मुठीत चुरगाळा आणि सोडा. उसळून सरळ झाला तर घ्या, मुठीचा आकार धरून बसला तर पुढच्या दुकानात. वरचे दोन थर मऊ नेटचे करा, नाहीतर नाचताना हातांना ओरखडे येतात.

नेताना घडी घालायची नाही. जुन्या चादरीची मोठी गोल पिशवी शिवा आणि टुटू उलटा, चड्डी वर करून ठेवा. घरीही उलटाच टांगा, म्हणजे थर पडत नाहीत. आणि मागे बसणाऱ्याने पिशवी मांडीवर आडवी धरायची, हँडलला अडकवायची नाही.