मदत हवी आहे: टिअरड्रॉप ट्रेलरसाठी एक्सल कोणता घ्यावा? (वजनाचा हिशेब दिला आहे)

केळीबाग_चोपडा

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. केळी आणि थोडा कापूस असं आमचं काम, पण वेल्डिंगचा नाद कॉलेजपासूनचा. शेडमधलं गेट, ठिबकच्या नळ्या गुंडाळायचं रीळ, आईसाठी भाकरीची सरकती चूल हे सगळं घरीच केलेलं आहे. आता डोक्यात टिअरड्रॉप ट्रेलर बसलाय. पाण्याच्या थेंबासारखा आकार, आत दोघांपुरती गादी आणि मागची झडप उघडली की स्वयंपाकाचा ओटा. ओढायला घरची बोलेरो. पाल, तोरणमाळ, पाटणादेवी अशा दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या करायच्या आहेत. हिवाळ्यातच, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या डब्यात झोपणारा माणूस सकाळी भरीत होऊनच बाहेर निघेल.

बॉडी 8 फूट लांब, 5 फूट रुंद, 4 फूट उंच. अंदाज नको म्हणून मिळेल ती वस्तू केळी मोजायच्या काट्यावर ठेवून मोजली. चेसिसला 50 बाय 50 बाय 3 मिमीचा चौकोनी पाइप, मीटरला 4.3 किलो. हुकपर्यंत जाणारा पुढचा त्रिकोण धरून साडेचौदा मीटर लागतो, म्हणजे 62 किलो. हुक, पट्ट्या आणि टेकू धरून 83. एक्सल (दोन्ही चाकांमधला आडवा दांडा), पाटे (लीफ स्प्रिंग), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), दोन चाकं आणि एक स्टेपनी मिळून 90 धरलेत. प्लायने मात्र डोळे उघडले. 8 बाय 4 ची 12 मिमीची एक शीट 25 किलो भरली. जमीन, दोन्ही बाजू, छताचे आतबाहेरचे पातळ थर, कपाटं आणि लाकडी पट्ट्या सगळं मिळून 165. वरून 1 मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, दारं, खिडक्या, थर्माकोल, रंग, स्क्रू, सिलिकॉन यांचे 71. विजेसाठी घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी 60 आणि सोलर पॅनेल-वायरी 13.

रिकामा ट्रेलर 482 किलो.

आता सामान. गादी 15, पाणी 40 लिटर कॅनसकट 42, छोटा सिलिंडर 12, शेगडी-भांडी 20, शिधा आणि बर्फाची पेटी 25, कपडे-खुर्च्या 30, जॅक आणि हत्यारं 15, बाहेरचा मांडव 12. एकूण 171. भरलेला ट्रेलर 653.

एक्सलसाठी चार पर्याय समोर आहेत. ट्रॅक्टर ट्रॉलीवाल्याकडचा जाड चौकोनी एक्सल, टाटा एसचा पुढचा एक्सल, ओम्नीचा मागचा एक्सल पाट्यांसकट, नाहीतर बाहेरून मागवायचा रबर टॉर्शनवाला. माझा कल ट्रॉलीच्या एक्सलकडे आहे. दीड-दोन टन सहज घेतो, म्हणजे कधी मोडणारच नाही. एक्सल बॉडीच्या बरोबर मधोमध बसवणार आहे. पाणी, सिलिंडर, बॅटरी, हत्यारं सगळं मागच्या ओट्याखाली, हाताशी. काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा, अजून पाइप कापलेला नाही.

धुळेकर

भो, बाकी सगळं राहू द्या, आधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतःच एक वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. बोलेरोला मागे हुक लावणं हाही गाडीतला बदल, त्यावर कलम 52 आहे. कागदावरचं ड्रॉइंग घेऊन जा आणि काय काय लागतं ते लेखी विचारा. वेल्डिंग झाल्यावर गेलात तर ट्रेलर एमएच-19 ची पाटी न लावता केळीच्या बागेतच उभा राहील आणि त्यात कोंबड्या झोपतील.

अमळनेर_मास्तर

वजनं काट्यावर मोजलीत हे फार बरं केलंत. इथे बहुतेक जण "असेल चारशेच्या आसपास" म्हणून येतात. पण वजन किती याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं, आणि तिथे तुमचा घोटाळा होतोय.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाने हुकवर थोडं वजन टाकलंच पाहिजे. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के धरा. ते फार कमी झालं किंवा उलटं वर उचलू लागलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत फिरवतो. बोलेरो कितीही दणकट असली तरी ती झोल थांबवत नाही.

हिशेब असा करायचा. हुकच्या गोळ्यापासून (ट्रेलरचं तोंड जिथे गाडीला जोडतं तिथून) प्रत्येक वस्तूचं अंतर मोजा, वजनाला त्या अंतराने गुणा, सगळ्या गुणाकारांची बेरीज करा आणि तिला गोळ्यापासून एक्सलपर्यंतच्या अंतराने भागा. येईल ते एक्सलवर पडणारं ओझं. एकूण वजनातून ते वजा केलं की उरेल ते हुकवरचं. चाकं-पाटे एक्सलवरच बसलेले, त्यांना हिशेबातून बाहेर ठेवा.

तुम्ही दिलेल्या मापांवर मी करून पाहिलं. गोळ्यापासून बॉडीचं तोंड 1.2 मीटरवर धरलं. एक्सलच्या भागाचे 78 किलो वगळले, स्टेपनी पुढे त्रिकोणावर ठेवली, तर उरतात 575 किलो आणि गुणाकारांची बेरीज येते 1505. एक्सल मधोमध म्हणजे 2.42 मीटरवर. 1505 भागिले 2.42 म्हणजे 622. वजन 575 आणि एक्सलवर 622! म्हणजे हुकवर उणे 47 किलो. तुमचा ट्रेलर हुकला खाली दाबत नाही, 47 किलोच्या जोराने वर उचलतोय. एक्सल 2.6 मीटरपर्यंत मागे नेला तरी उणे 4 येतं.

ओटा मागे असला की हे होणारच, टिअरड्रॉपच्या आकाराचाच तो दोष आहे. त्यावर तुम्ही पाणी, बॅटरी आणि हत्यारंही मागेच रचलीत.

केळीबाग_चोपडा

मास्तर, कागदावर तुमचं उत्तर उतरवून घेत होतो तेव्हा बाबा शेजारी सुपारी कातरत बसले होते. उणे 47 चं काय झालं ते त्यांना समजावायला गेलो तर म्हणाले, "गाडी उलाळ व्हई ना मंग! बैलेसना मानवर काहीच वजन नको का?" त्यांनी तीस वर्षं बैलगाडी हाकली. कापूस भरताना मागे जास्त झाला तर धुरी वर उचलायची आणि बैल जुवाला लटकल्यासारखे व्हायचे. पुढे जास्त झाला तर बैलांच्या खांद्याला गाठी. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं, तरी ट्रेलर म्हटल्यावर डोक्यात आलंच नाही. शेवटी म्हणाले, तो मास्तर शहाणा दिसतो.

आता सामान हलवून पुन्हा मांडतो.

एमआयडीसी_वेल्डर

दादा, जळगावात ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवतो, म्हणून एक्सलवर बोलतो.

दोन टनाच्या एक्सलने ट्रेलर मजबूत होत नाही, तो फक्त कडक होतो. ट्रॉलीच्या एक्सलला बहुतेक वेळा पाटेच नसतात. आणि असले तरी ते टनाच्या मापाने बसवलेले. तुमच्या सहाशे किलोने ते हलणारसुद्धा नाहीत. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ प्लायच्या सांध्यात जातो. पहिल्या फेरीत बिजागऱ्या ढिल्या, दुसरीत सिलिकॉन सुटलं, तिसरीत पावसाचं पाणी आत. एक्सल मात्र शाबूत, तुम्ही म्हणता तसा. पाट्याचं काम बसणं-उठणं हे आहे. भरल्या ट्रेलरच्या वजनाला पाटा दीड-दोन इंच बसला पाहिजे आणि तेवढीच जागा वर शिल्लक पाहिजे.

टाटा एसचा पुढचा एक्सल सोडून द्या. तो वळणारा आहे, दोन्ही नकल (चाक वळवणारे सांधे) लॉक करावे लागतील. लॉक तुटलं की चाक आपल्या मर्जीने वळणार.

ओम्नीचा मागचा एक्सल मोहात पाडतो, कारण सोबत ब्रेकचे ड्रम आणि पाटे आयते मिळतात. पण मधला डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गियरचा) गोळा उगाच ओढायचा, त्याच्यात ऑइल ठेवायचं, सील गळली की बदलायची. हाफ शाफ्ट (त्या गोळ्यापासून चाकापर्यंतचे दांडे) काढून फेकू म्हणाल तर चाक त्यांच्यावरच बसलेलं असतं. म्हणून त्याचे फक्त पाटे घ्या. आठ माणसं घेऊन धावणाऱ्या गाडीचे ते पाटे आहेत, एखादं पान कमी करून तुमच्या वजनाला जुळवता येतात.

रबर टॉर्शन चांगला असतो, खोटं बोलणार नाही. चौकोनी नळीत रबराच्या दांड्या दाबलेल्या, पाटे नाहीत, शॅकल (पाट्याचं टोक हलतं ठेवणारी कडी) नाही, दोन्ही चाकं आपापली हलतात, ट्रेलर खाली बसतो. पण तो ठरावीक वजनासाठीच बनवून येतो, नंतर कमी-जास्त करता येत नाही. रबर बसलं की बदलायचा अख्खा. पाट्याचं पान तुटलं तर शहाद्यात, यावलला, कुठल्याही टपरीवर तासाभरात काम होतं. मी पाटेवालाच घेईन.

एक्सल म्हणून 40 मिमीचा भरीव चौकोनी बार लावा. मीटरला साडेबारा किलो, तुम्हाला पावणेदोन मीटर पुरे. चाक पाट्यापासून फार बाहेर ठेवू नका, 15 सेंटिमीटरच्या आत आणा. लेथवर टोकं 30 मिमीला उतरवून टेपर बेअरिंगचे हब बसतात. लेथवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: जिथे चौकोन संपून गोल सुरू होतो तिथे गोलाई ठेव, काटकोनी पायरी नको. एक्सल मोडतो तो तिथूनच.

अमळनेर_मास्तर

वेल्डरभाऊंच्या मापाला आकडेमोडीचा टेकू देतो. सामान हलवून मांडणी सुधारली की एका चाकावर साधारण 273 किलो येतील असं मानलं आणि 15 सेंटिमीटर अंतर धरलं तर 40 च्या बारमध्ये ताण सुमारे 38 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). खड्ड्याचा दणका तिप्पट धरा, 115 च्या आत. साधं माईल्ड स्टील 250 ला वाकायला लागतं. 30 मिमीच्या टोकाला मात्र तिप्पट दणक्यात 180 पर्यंत जातं. म्हणून त्या गोलाईचं महत्त्व.

टायरवरचा लोड इंडेक्सही वाचा. 80 लिहिलं असेल तर एका टायरला 450 किलो, 86 असेल तर 530. दोन्हीत तुम्ही आरामात बसता.

केळीबाग_चोपडा

दोन रात्री घालवून पुन्हा मांडणी केली. ट्युब्युलर बॅटरी घरच्या इन्व्हर्टरलाच परत जोडली आणि 12 किलोची लिथियम घ्यायचं ठरवलं. बायकोने किंमत विचारली, मी विषय बदलला. लिथियम बॅटरी आणि हत्यारांची पेटी पुढे त्रिकोणावर, पाण्याची टाकी गादीच्या पुढच्या भागाखाली, गोळ्यापासून 1.6 मीटरवर. सिलिंडर आणि भांडी मागेच राहिली, तिथे तडजोड नाही. ओट्यापाशी उभं राहून शेवभाजी करायची हाच तर सगळा खटाटोप.

आता एकूण 605. एक्सल 2.6 मीटरवर, म्हणजे बॉडीच्या मध्यापासून 18 सेंटिमीटर मागे. हुकवर 59 किलो, एक्सलवर 546. चाकं-पाट्यांचं वजन वगळलं तर एका पाट्यावर साधारण 235 येतात. अनपेक्षित फायदा असा की मडगार्ड दाराच्या खालून सरकला, उतरताना पाय अडकणार नाही.

एक शंका आहे. टाकी रिकामी झाली की हुकवर 43 उरतात, एकूण 563 च्या साडेसात टक्के. परतीच्या वाटेवर नेमकं हेच असणार. चालेल का?

अमळनेर_मास्तर

चालेल, पण याच्या खाली जाऊ देऊ नका. परतताना मागच्या कपाटात काही भरू नका आणि बर्फाची पेटी आत गादीवर पुढे सरकवा. टाकी तुम्ही पुढे ठेवलीत म्हणून रिकामी झाल्यावर हुक हलका होतो. ती एक्सलच्या बरोबर वर आणता आली तर भरली काय, रिकामी काय, हुकला फरकच पडणार नाही. पण मग भरलेल्या अवस्थेतलं हुकचं वजनही घटेल, त्यासाठी एक्सल आणखी थोडा मागे न्यावा लागेल. करून पाहा.

एमआयडीसी_वेल्डर

आणि दादा, पाट्यांचे हँगर (पाटे चेसिसला धरून ठेवणारे कान) आत्ताच पक्के वेल्ड करू नका. चेसिसवर पट्टी टाकून बोल्टने बसवा, पुढेमागे दोन-दोन इंच सरकतील अशी भोकं पाडा. बॉडी पूर्ण झाली, रंग लागला, सामान भरलं की हुकखाली केळीचा काटा ठेवून बघा. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि हुक गाडीला जोडल्यावर असतो त्याच उंचीवर पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येईल. तेव्हा काय ते सरकवा आणि मग पक्कं करा. कागदावर 605 आहे ना, माझ्याकडे येणारी प्रत्येक घरगुती गाडी कागदापेक्षा जड निघते. एकूण वजन जिनिंगच्या भुईकाट्यावर करा, पण ते काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, हुकसाठी ते नकोत.

धुळेकर

ब्रेकचं कोणीच बोललं नाही. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतं, पण त्यांना तोरणमाळचा सात पायरी घाट उतरायचा नसतो. उतारावर दुसरा गियर, आणि हुकला दोन्ही बाजूंनी साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावा.

केळीबाग_चोपडा

साखळ्या यादीत टाकल्या. सोमवारी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जातोय, तिथून आल्यावर लिहितो. तोवर कोणाला जळगाव-भुसावळकडे ओम्नीच्या पाट्यांची चांगली जोडी दिसली तर इथे कळवा. पानांना तडा नको, शॅकलसकट हवी. बाबा म्हणतायत की मोजायच्या दिवशी हुक उचलून बघायला तेच येणार, काट्याआधी.