गोधडी पुढे सरकते कशी? घर सांभाळून शिवणाऱ्यांचे अनुभव

चवथीची गडबड आटोपली. गणपतीवर टांगलेली माटोळी उतरली, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि कपाटावरची ती पिशवी आता पुन्हा डोळ्यांत खुपायला लागली असेल. अर्धवट गोधडीची पिशवी. शिवणाऱ्याच्या घरात ती एक तरी असतेच.

तर विषय हाच. नोकरी, पोरांच्या शाळा, सासऱ्यांची औषधं, सणवार हे सगळं चालू असताना तुमची गोधडी पुढे कशी सरकते? ‘आवड असली की सवड मिळते’ एवढंच लिहून जाऊ नका, ते सगळ्यांना पाठ आहे. सवड मिळाली, समजा वीस मिनिटं मिळाली, तर त्यात तुम्ही नेमकं काय करता ते लिहा. जुन्या लुगड्यांची गोधडी करणारे, नव्या कापडाचं क्विल्ट करणारे, हाताने शिवणारे, मशीनवाले, सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण.

सुरुवात मीच करते. माझं म्हणणं असं की वेळ शिवण्यात जात नाही, काढण्या-ठेवण्यात जातो. पिशवी खाली काढा, कात्री शोधा, आपण कुठवर आलो होतो ते आठवा, सुईत दोरा ओवा. तेवढ्यात दुधवाला येतो. म्हणून उठताना पुढचं काम मांडूनच उठायचं. माझ्याकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दोरा ओवलेल्या सुया एका फडक्यात टोचून ठेवलेल्या असतात, आणि पुढचे तुकडे जोडीजोडीने, उजवी बाजू आत करून, कपड्यांच्या चिमट्यांनी धरलेले. डबा उघडला की पहिला टाका. पणजीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये याहून मोठी मांडामांड परवडतही नाही.

म्हापशाहून, शाळेत शिकवते

मी आधी हिशेब करते, मग कापड फाडते. एका माणसाच्या पलंगासाठी ६० बाय ९० इंच धरलं आणि चौकोन शिवून झाल्यावर १० इंचांचा राहायला हवा असेल, तर आडवे ६, उभे ९, म्हणजे ५४ चौकोन. शिवणीत चारही बाजूंनी पाव पाव इंच जातं, म्हणून कापताना साडेदहा. हा आकडा एकदा डोळ्यासमोर आला की ‘एवढी मोठी गोधडी कधी होणार’ ही धास्ती जाते. रोज एक म्हटला तरी दोन महिन्यांच्या आत चौकोन तयार. आणि रोज एक होत नाहीच. परीक्षेचे पेपर तपासायचे असतात तेव्हा आठवडा कोरडा जातो. जाऊ दे.

मशीनवर बसले की तुकड्यांची माळ करते. एक जोडी टिपेखालून गेली की दोरा न तोडता लगेच दुसरी जोडी पुढे सरकवायची, मग तिसरी. शेवटी एकदमच कापून सुट्या करायच्या. दोराही वाचतो, वेळही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मोठी माळ तयार असते. पाव इंचाचं माप चुकू नये म्हणून मशीनच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ लावून ठेवली आहे. कापड तिला टेकवून सोडायचं, नजर ताणावी लागत नाही.

शुक्रवारी मात्र मशीन बंद. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे पेडण्या-बार्देशातले सगळे नातेवाईक चहाला असतात!

वास्कोहून

माझं मूल दुडूदुडू चालायला लागलंय. सुया-टाचण्या उघड्यावर ठेवायचा प्रश्नच नाही. सध्या फक्त कापडं धुणं, इस्त्री करणं आणि रंगांच्या जोड्या लावणं चालू आहे. हे पुढे सरकणं धरायचं का?

(म्हापशाहून) धरायचंच. अर्धी गोधडी तिथेच होते. टाचण्यांऐवजी केसांच्या चापट क्लिपा वापरा, जमिनीवर पडल्या तरी दिसतात. आणि लाल, मरून, गडद निळं कापड असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा वेगळा धुवून घ्या. ही कामं आत्ताच होऊन जाऊ देत.

मडगावहून

आमच्या घरात फुटबॉल. थोरला सरावाला जातो, धाकटी आता मुलींच्या संघात जाते म्हणते. दोघांच्या वेळा वेगळ्या. मैदानाच्या कडेला बसून माझी संध्याकाळ जायची. बाकीच्या आया मोबाइल बघतात, मी षटकोन करते.

पद्धत सांगते, कारण बाहेर बसून करायला याच्याइतकं सोयीचं काम मला दुसरं सापडलेलं नाही. एक इंच बाजूचा षटकोन जाड कागदावर आखून कापायचा. मी लग्नपत्रिका वापरते. तुळशीचं लग्न झालं की घरात नुसता ढीग येतो. कापड सगळ्या बाजूंनी पाव इंच मोठं घ्यायचं, कागदावर दुमडायचं, कोपऱ्यांवर कच्चे टाके घालून बसवायचं. असे सात झाले की एक मधे, सहा भोवती, झालं फूल. दोन षटकोनांच्या कडा समोरासमोर धरून अगदी बारीक टाके मारायचे, कापडाचा एखाद-दुसरा धागाच सुईत यायला हवा, कागद टोचला जाता कामा नये. सहाही बाजूंना शेजारी आले की मधला कागद ओढून काढता येतो आणि पुन्हा वापरता येतो. ‘मंगल परिणय’ लिहिलेले माझे कागद अजून फिरताहेत.

सगळं सामान चष्म्याच्या डबीत मावतं. सुई, दोरा, छोटी कात्री, दहा-बारा कागद, दहा-बारा तुकडे. संपले की संपले, जास्त न्यायचंच नाही. रविवारी पुढच्या आठवड्याचे तुकडे कापून डबी भरायची, तेवढं एकच काम टेबलावरचं. मैदानात अंगुस्तान मात्र घालत नाही, ते हरवतं. आणि पेनल्टी असली की सुई खाली. पोरगा वर बघतो, आई बघतेय का म्हणून.

कुडचड्याहून. पुरुषाने लिहिलं तर चालेल ना?

वेर्ण्याला कारखान्यात नोकरी, पाळ्या बदलत असतात. शिवण आईकडून आलं. आमच्याकडे कागद नाही, मोजपट्टी नाही. जुनी लुगडी, जुनी धोतरं, वरून नवं अस्तर, धावदोरा, बस्स.

आमच्या गोधडीचा एकच टप्पा असा आहे की तो तुकड्या-तुकड्याने होत नाही: थर पसरण्याचा. त्याला मोकळी जमीन लागते आणि दोन माणसं लागतात. म्हणून रात्रपाळीनंतरचा सुट्टीचा दिवस आधीच राखून ठेवतो. साडी साधारण साडेपाच मीटर लांब, सव्वा वाराच्या आसपास रुंद. मधून दुमडली की पावणेतीन मीटर लांबीची दुपदरी पट्टी मिळते, आणि अशा दोन पट्ट्या शेजारी जोडल्या की दोन माणसांना पुरते. आई खुर्चीवर बसून सांगते, मी आणि बायको चार कोपरे ओढतो. मधली सुरकुती हाताने काठाकडे सारत न्यायची. काठाकडून मधे कधीच नाही, नाहीतर फुगवटा मधेच अडकतो. मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके, उभे आणि आडवे. हे टाके पडले की गोधडी घडी घालून कुठेही ठेवा, थर हलत नाहीत. त्यानंतरचं शिवण मात्र कोणत्याही वेळी, कोणत्याही कोपऱ्यातून.

लुगडं निवडण्याचं काम अजून आईचंच. दोन्ही मुठींत कापड धरून आधी उभं, मग आडवं झटका देऊन ओढते आणि कान देते. ‘टर्र’ आवाज आला की ते पायपुसण्याला. नाही आला तर उजेडासमोर धरते. “फाटकं चालतं, विरलेलं नाही.” फाटक्याला ठिगळ लागतं, विरलेलं कापड पहिल्या धुण्यात टाक्यापासूनच सुटतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

वाळपईहून

तुम्ही सगळे वेळेचं बोलताय, मी पावसाचं बोलते. आमच्या सत्तरीत जूनपासून जे लागतं, त्यात धुतलेलं कापड चार-चार दिवस आंबट वास मारतं. त्यामुळे वर्षाची विभागणी पावसानेच करून दिली आहे. धुणं, वाळवणं, थर पसरणं हे सगळं मे संपायच्या आत. त्याच दिवसांत अंगणात आमसुलं, पापड, मिरच्या वाळत असतात. उन्हाची जागा कुणाला, यावरून दरवर्षी सासूबाई आणि मी! आमसुलं जिंकतात, गोधडी कुंपणावर जाते.

पाऊस लागला की मात्र फक्त हातशिवण. वीज गेली तरी अडत नाही, आणि पायमशीन असेल तर तेही अडत नाही. विजेच्या मशीनवाल्यांनी जुनी पायमशीन भंगारात देण्याआधी विचार करावा. सुया गंजतात, त्या टाल्कम पावडरच्या लहान डबीत ठेवा. गंजकी सुई कापडावर तांबूस ठिपका सोडते, तो निघता निघत नाही. शिवण चालू असलेली गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. मी वाळवलेला कडुलिंबाचा पालाही टाकते.

फोंड्याहून, माहेर यल्लापूरकडचं

मला सिद्दी बायकांच्या गोधडीबद्दल लिहायचंय. उत्तर कन्नडात यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या भागांत सिद्दींची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांतले कित्येक इथून निसटून घाटावरच्या जंगलात गेले. भाषा कोकणीच्या जवळची, आपल्याला गप्पा मारता येतात. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी.

लहानपणी शेजारी बघितलेलं आहे. खाली साडी पसरायची आणि एका कोपऱ्यातून, काठाच्या कडेने सुरुवात करायची. जुन्या कपड्याचा तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोरा. पुढचा तुकडा त्याच्यावर थोडासा चढवायचा. असं काठाकाठाने फिरत फिरत मधे यायचं. आधी काही आखायचं नाही, मोजायचं नाही, सगळे तुकडे एकदम कापून ठेवायचे नाहीत. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं शिवायची. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

दोन नोकऱ्यांच्या घरात मला हीच पद्धत जमते, कारण हिला ‘टप्पे’च नाहीत. वरचा तुकडा जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. मांडीवर घ्या, एक तुकडा शिवा, ठेवून द्या. कुडचड्याच्या भाऊंना लागणारी मोकळी जमीनही लागत नाही. मापात काटेकोर हवं असेल त्यांनी मात्र म्हापशाच्या ताईंच्या मागे जावं.

डिचोलीहून

मी जरा उलटं लिहिते, राग मानू नका. रोज वीस मिनिटं, रोज एक चौकोन हे मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात आमच्या एकत्र घरात बाईने सुई हातात घेतली की कुणाला तरी काहीतरी हवंच असतं. अर्धा टाका टाकून उठायचं, परत यायचं, पुन्हा उठायचं. याने गोधडी होत नाही, डोकं उठतं.

आम्ही तिघी जावा मिळून करतो. शिगमा झाला की भाताची कामं नसतात, परीक्षा संपत आलेल्या असतात. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर गोधडी पसरते आणि तिघी तीन बाजूंनी बसतो. चहाच्या वेळी घडी. त्या महिन्यात एक पूर्ण होते, कधी दोन. बाकी वर्षभर मी सुईला हात लावत नाही आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. सासूबाई येता-जाता विचारतात, “कितें गो, अजून सोंपलें ना?” आणि स्वतःच बसून एक ओळ घालून जातात. त्यांचा टाका आमच्यापेक्षा बारीक, ओळखू येतो.

(पणजीहून) राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. तीन जावा नसलेल्यांनी काय करावं एवढंच आता सांगा!

(डिचोलीहून) शेजारणी असतात की.

पर्वरीहून

माझ्याकडे दोन अर्धवट आहेत. एक भाचीच्या लग्नासाठी धरली होती (तिचं लग्न होऊन मूलही झालं), दुसरी स्वतःसाठी. आधी कुठली घेऊ?

(म्हापशाहून) जिच्यातलं उरलेलं काम तुम्हाला न उघडता सांगता येतं ती.

(पर्वरीहून) दोन्हींतलं नाही येत हो.

(मडगावहून) मग एक संध्याकाळ शिवू नका, नुसत्या दोन्ही उघडून बघा आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका. माझ्या पिशवीतली जशीच्या तशी उतरवते: ‘६० × ९०. वरच्या पाच ओळी जोडल्या. सहाव्या ओळीला पिवळा पहिला नको, पाचव्यात आलाय. हिरवं कापड कमी, शेवटच्या ओळीसाठी राखणे. दोरा फिका बदामी, रीळ डब्यात. सुई नऊ नंबर. अस्तर अजून घेतलेलं नाही.’ एवढं लिहिलेलं असलं की मधे चवथ येवो, दिवाळी येवो.

(पर्वरीहून) उघडल्या. भाचीच्या गोधडीचं फक्त अस्तर आणि काठ राहिलाय. आणि आत माझी हरवलेली मोठी कात्री सापडली.